आ. वि.

८ जुलै

टाचणी,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले, म्हणून सरळ नावानेच सुरुवात केली. नाव तरी मीच ठेवलेलं. अंगाने बारीक आणि तोंडाने टोकदार, तुला दुसरं काय म्हणणार होते? सहा वर्षांत या नावाने कुणी हाक मारली नसेल. मारली असेल तर त्याला सांग, हे नाव दुसऱ्याच्या मालकीचं आहे.

पत्ता तुझ्या इतिहासाच्या सरांकडून घेतला. त्यांच्यावर चिडू नकोस. आधी ते म्हणाले, "तिला विचारल्याशिवाय देणार नाही." पंधरा दिवसांनी दुकानात आले आणि चिठ्ठी ठेवून गेले. म्हणजे तू 'देऊ नका' म्हणाली नाहीस. 'द्या' म्हणालीस असंही मी धरत नाही. तू संग्रहालयात जुन्या कपड्यांच्या विभागात असतेस, हेही त्यांनीच सांगितलं.

आता बातमी. मी कॉलेजात जाते. हसायचं तेवढं हसून घे, मी थांबते.

बी.ए., पहिलं वर्ष. तुझंच कॉलेज आणि तुझेच विषय. साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र, आणि तो चित्रं बघायचा तास. सकाळी वर्ग, दुपारी दोनला दुकान उघडते. बावन्नाव्या वर्षी हे म्हणजे वरातीमागून घोडं, हे मला कुणी सांगायला नको. का जाते विचारशील, तर रोज दुकानासमोरून पोरंपोरी पुस्तकं घेऊन जातात, म्हटलं आपणही आत काय चालतं ते बघावं. दुसरं काही कारण नाही.

पहिल्या दिवशी शिपायाने मला पाहिलं आणि अदबीने खडू-डस्टर हातात दिलं. मीही शिवणाच्या सवयीने खडूची धार बोटाने तपासली आणि म्हटलं, "हा बोथट आहे." तो धावत जाऊन नवीन घेऊन आला. मग खऱ्या बाई आल्या. मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी अठरा वर्षांची एक मुलगी बसते, तिला चोवीस तास भूक. मी तिला खादाड म्हणते, ती मला काकू म्हणते, दोघींचं बरं चाललंय.

शिक्षकांनी प्रश्न विचारला की सगळे हात वर करतात. मी करत नाही. एक तर उत्तर येत नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या कुडत्याचा मुंढा, काखेतली गोल शिवण, काचतो. आयुष्यभर लोकांचे मुंढे सैल केले, स्वतःचा तेवढा राहिला.

पुस्तकं विकत घेतली नाहीत. कटिंगच्या टेबलाखाली तुझी ट्रंक होती, तीच उघडली. न विचारता उघडली म्हणून चिडशील. पण पुस्तकं टापटीप आहेत, वाळवी लागलेली नाही. आणि समासात तुझं ते मुंगीएवढं अक्षर.

आई

२ ऑगस्ट

टाचणी,

उत्तर आलं नाही. ते येणार नाही असं धरूनच लिहिते आहे, म्हणजे हात थांबत नाही.

तुझे विषय इतके मोठे आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू सांगत असशील, पण मशीनच्या आवाजात मला कुठलं ऐकू यायला. अर्थशास्त्राच्या बाई अगदी कोवळ्या आहेत, तुझ्याहून लहान. परवा श्रमविभागणी शिकवली. मी लग्नाआधी तयार कपड्यांच्या कारखान्यात चार वर्षं होते, आठवतं? चार वर्षं मी फक्त डाव्या बाह्या जोडल्या. उजव्या बाह्यांची बाई पलीकडच्या रांगेत बसायची. अख्खा सदरा काही माझ्या हातात आला नाही. त्या पोरीने फळ्यावर लिहिलं, की अशा कामात माणसाला आपण काय घडवतो आहोत तेच दिसेनासं होतं. मी बघतच राहिले. ही गोष्ट मला तीस वर्षांपासून ठाऊक होती, पण तिला वाक्य असतं हे ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत ते वाक्य मी पुटपुटत होते. खादाड म्हणाली, "काकू, बरं वाटत नाहीये का?"

साहित्याचे सर वाचतात तेव्हा डोळे मिटून घेतात. सुरुवातीला मला वाटलं झोपले. आता मीही मिटते.

आणि तू. तुझ्या वह्या वाचताना रोज तोंडात बोट घालते. एकोणिसाव्या वर्षी तू समासात पुस्तकाशी भांडत होतीस! 'हे खरं नाही', 'पान ४० वर उलटं लिहिलंय', 'पुरावा कुठे?' छापील शब्दाशी भांडता येतं, हे मला या वयात कळतंय. माझ्याशी मात्र तू कधी भांडली नाहीस. शेवटच्या दिवशीही नाही.

तुझी एक खूण मी सोडवली, ऐक. कठीण जागी तू पेन्सिलीने 'आ. वि.' लिहिलंयस. माझ्या मापवहीत नाही का, छा. म्हणजे छाती, कं. म्हणजे कंबर, बा. म्हणजे बाही? ती सवय तू माझीच उचललीस, हे बघून बरं वाटलं. तर आ. वि. म्हणजे 'आवर्जून विचारतात'. परीक्षेत हमखास येणारे प्रश्न. एकूण त्रेचाळीस आहेत, मोजले. पुढच्या महिन्यात चाचणी आहे, ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाठ करते. खादाडला सांगितलेलं नाही. तिचं तिने बघावं.

ते बाहीचं प्रकरण तुझ्या मनात असेलच. तेव्हाही सांगितलं, पुन्हा सांगते, ते चुकून झालं. तुझा तो हाताने लिहिलेला प्रबंध आणि कटिंगची रद्दी एकाच कोपऱ्यात पडलेली. गिऱ्हाईक दारात उभं, मी घाईत वरचे कागद ओढले आणि बाहीचं कटिंग काढलं. उद्या द्यायचा प्रबंध आहे हे मला काय माहीत? "पुन्हा लिही, हात काय मोडलाय?" असं म्हणाले, ते म्हणायला नको होतं. माझं असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण कापलं ते चुकून.

आई

१९ सप्टेंबर

टाचणी,

तुझं कार्ड आलं! एकच शब्द, 'पोचलं.' मी ते उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता नाही, कर्म नाही, आणि कोणाला पोचलं तेही नाही. तरी ते मी मशीनवर समोर चिकटवलंय. टीप मारताना अधूनमधून दिसतं.

आता तक्रार. तुझे आ. वि. एकही आले नाहीत! त्रेचाळीस पाठ केले, आला शून्य. मला चाळीसपैकी अकरा. खादाडला बत्तीस, आणि ती पेपरच्या आधी बिस्किटं खात होती. इतिहासाच्या पेपरात मी न विचारलेलं उत्तर लिहून आले, कारण पाठ केलेलं वाया जाऊ द्यायचं नव्हतं. सरांनी पेपर देताना एवढंच विचारलं, "हा प्रश्न तुम्हाला कुठे दिसला?" मी म्हटलं, माझ्या मुलीने काढलाय. ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे. पण असा प्रश्न कुठलाच परीक्षक विचारत नाही."

मग तू कुणासाठी लिहीत होतीस गं हे? रागावून विचारत नाही. नापास झाले तर झाले. पण तू हुशार, तुझा अंदाज त्रेचाळीस वेळा कसा चुकेल?

आई

६ ऑक्टोबर

टाचणी,

आज जे झालं ते आजच लिहिते.

चित्रांच्या तासाला पडद्यावर एक जुनं चित्र लावलं होतं. खुर्चीत बसलेली बाई, मांडीवरून पायापर्यंत निळं कापड. आमच्या बाई सांगत होत्या, वस्त्र किती जिवंत वाटतं, चित्रकाराचा हात किती सिद्ध. सगळे लिहून घेत होते. आणि मी, हात न करताच, मोठ्याने बोलले, "पण हे कापड माणसाच्या अंगावर नाही."

वर्ग वळला. बाई म्हणाल्या, "पुढे या, दाखवा."

आता माघार कुठली? गेले. म्हटलं, बाई बसली की मांडी कापड दाबते, घडी दबून पसरते. श्वास घेतला की पोटापाशी सुटते. इथे घडी ताठ उभी आहे, बाहुल्याला घालून ठेवलेल्या कपड्यासारखी. आणि कापड उरेब, म्हणजे तिरकं, धरलंय, म्हणून त्याला एवढा झोक आला आहे. चेहरा माणसाचा असेल, मांडी लाकडाची आहे.

बाई हसल्या. म्हणाल्या, चित्रकार लाकडी पुतळ्याला वस्त्र घालून घड्या रंगवत, कारण माणूस तितका वेळ हलल्याशिवाय बसत नाही. "पण हे नुसतं बघून ओळखणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं." खादाडने बाक वाजवला.

घरी येऊन तुझं चित्रांचं पुस्तक काढलं. तेच चित्र त्यात आहे. आणि त्याच्याखाली तुझं अक्षर. 'मांडीवर घडी अशी पडते का? आ. वि.' आणि त्याच्याखाली अजून बारीक, भिंग लावून वाचलं. 'राग नसेल तेव्हा.'

मी मूर्खासारखी विचार करत बसले, की कुठल्या परीक्षकाला राग नसेल तेव्हा? परीक्षकाच्या रागाचा आणि घडीचा काय संबंध?

मग कळलं. आ. वि. म्हणजे आईला विचार.

आज दुकान उघडलं नाही.

९ ऑक्टोबर

टाचणी,

तीन दिवस त्रेचाळीस जागा पुन्हा वाचल्या. सगळ्या कापडाच्या, कष्टाच्या, बायकांच्या हाताच्या. ज्या मला येतात त्याच. आणि एकही तू विचारली नाहीस, कारण राग नसेल असा दिवस तुला सापडला नाही. मी मशीनवर बसलेली असायचे, तोंडात टाचण्या धरून. तू दाराशी यायचीस, "आई, एक विचारू?" मी दातांतूनच म्हणायचे, "आधी काज कर." तू काजं करून निघून जायचीस. काजं छान करायचीस, हेही कधी म्हटलं नाही.

आता खरं लिहिते. लिहायला घेतलं की सुई टोचल्यासारखं होतं, पण लिहिते.

ते चुकून झालं नव्हतं.

प्रबंध मला कोपऱ्यात दिसला, मी उचलला, पहिलं वाक्य वाचलं. 'माझी आई लोकांचे जुने कपडे दुरुस्त करते.' बस, तेवढंच वाचलं. डोक्यात रक्त चढलं. वाटलं, पोरगी कॉलेजात जाऊन आईची लक्तरं वेशीवर टांगते. सरांना, मुलांना सांगते की हिची आई उसवलेल्या पँटी शिवते. मी मुद्दाम कात्री घेतली. गिऱ्हाईक दारात नव्हतंच, बाहीचं माप आठवून आठवून पानं कापली. आणि दुसऱ्या दिवशी तुझे सर चौकशीला दुकानात आले, तर त्यांच्यासमोर म्हणाले, हे शिकून हिला कुणाच्या पायजम्याला नाडी घालायची आहे? तू टाचणीसारखी सरळ उभी राहिलीस. आठवड्याने गेलीस.

ते कटिंग मी उरलेल्या तुकड्यांसकट खिळ्याला अडकवलं. फेकवलं नाही. दोन वर्षांपूर्वी खरंच कुणाच्या तरी बाहीला हवं होतं म्हणून काढलं, तर एका तुकड्यावर पहिलं वाक्य, आणि दुसऱ्या तुकड्यावर, कात्रीच्या पलीकडे, दुसरं. 'तिच्याबद्दल कुठल्याच पुस्तकात काही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.'

एक वाक्य आणखी वाचलं असतं तर!

मग सगळे तुकडे गोळा केले. पानं जुळवली, मागून पातळ कागद लावून सांधली. सांधायला मला येतं. पण वाचायला येईना. 'अनौपचारिक क्षेत्र', 'दृश्य आणि अदृश्य श्रम', 'सौंदर्यदृष्टी'. माझ्याबद्दल चाळीस पानं लिहिलेली, आणि ती मलाच कळेनात. म्हणून कॉलेजात नाव घातलं. दुकानासमोरून पोरं जातात वगैरे थाप होती.

काल प्रबंध पूर्ण वाचून झाला. कुठेही शब्दकोश लागला नाही. पान सत्तावीसवर तू लिहिलंयस, की माझी आई ठिगळ लावते तेव्हा जुन्या कापडाचा विटलेला रंग बघून नवं कापड आधी उन्हात वाळवते, आणि याला कलाच म्हटलं पाहिजे. अगं, मला वाटायचं तू बघत नसतेस. तू वाचत बसलेली असायचीस ना? मान खाली घालून तू माझे हात वाचत होतीस. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी लिहिलं नाही, आणि तुझ्याइतकं चांगलं लिहिणारं माणूस मी अजून दुसरं वाचलेलं नाही. आई म्हणून नाही, बी.ए. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून सांगते.

आता उत्तरं. उशिरा देते, पण घे.

इतिहास, पान ६१. 'राजाच्या पोशाखाचं वर्णन दोन पानं, शिवणाऱ्याचं नाव नाही. का?' कारण चांगली शिवण दिसत नाही. दिसली तर ती वाईट. आम्हाला लपायचंच शिकवलं जातं, आणि मग कुणी नाव लिहायला निघालं की आम्ही घाबरून कात्री उचलतो.

अर्थशास्त्र, पान १८. 'किंमत वाढली तरी मागणी घटत नाही अशी वस्तू?' काळा दोरा. फाटलेलं घेऊन कुणी बाहेर पडत नाही.

साहित्य, ती सुईची कविता. 'बाई रिकाम्या घरात सुई ओवते आणि शिवत काहीच नाही. का?' साहित्याचे सर म्हणाले, एकाकीपणाचं प्रतीक. असेल. पण सुई ओवताना डोळे बारीक करावे लागतात, आणि पाणी आलं तर सांगायला कारण असतं. तू गेलीस त्या वर्षी मी खूप सुया ओवल्या.

बाकीची चाळीस वेगळ्या कागदांवर लिहिते आहे. प्रबंधही सोबत पाठवते. सांधे दिसतात. या वेळी लपवले नाहीत.

यापुढे काही अडलं, तर विचार. राग नाही.

आई

३ नोव्हेंबर

टाचणी,

तुझं कार्ड मिळालं. खादाडला वाचून दाखवलं, ती शेंगदाणे खायची थांबली, यावरून समज.

दुसऱ्या चाचणीत बावीस मिळाले. आणि सोमवारी इतिहासाच्या सरांनी विचारलं, "जुन्या काळातल्या सामान्य बायकांच्या आयुष्याचा पुरावा कुठे शोधायचा?" सगळे म्हणाले पत्रं, कागदपत्रं. मी हात वर केला. व्यवस्थित, कोपर सरळ. म्हटलं, कपड्यांच्या आतल्या बाजूला. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, पण मग म्हणाले, हे तुमच्या मुलीने आधीच लिहिलंय, पान एकतीस (सांधलेला प्रबंध पोस्टात टाकण्याआधी मी त्यांना वाचायला दिला होता). मी म्हटलं, माहीत आहे, तिथूनच उचललं.

मुंढा काचला नाही. रविवारी कुडतं उसवून दुरुस्त केलं होतं, तू कार्डात विचारलं आहेस अगदी तसंच.

तुझं कार्ड पुन्हा समोर ठेवते. 'संग्रहालयात एक जुना सदरा आला आहे. काखेत चौकोनी तुकडा उरेब जोडला आहे. नोंदवहीत कारण लिहायचं आहे. आ. वि.'

लबाडे. दहा वर्षांची असताना तू स्वतः असा तुकडा लावलायस, माझ्या शेजारी बसून, आणि वाकडा लागला म्हणून दोनदा उसवलायस. तुला कारण माहीत नाही होय? तुला पक्कं माहीत आहे. तरी विचारलंस.

तर लिहून घे, नोंदवहीत नीट अक्षरात. तो तुकडा नसला तरी सदरा अंगात जातो, शोभतोही. माणूस हात खाली ठेवून उभा राहिला तर फरक कळत नाही. तुकडा लावायचा तो हात वर करता यावा म्हणून.

आई